विद्यार्थी फॉरेक्स कार्ड: पहिल्या सहा आठवड्यांसाठी घ्या, वर्षभरासाठी नको

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांना ठाण्यात दोन वस्तू हमखास सुचवल्या जातात: प्रेशर कुकर आणि फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधी भरून तिकडे वापरायचं कार्ड. कुकरची पारख घरात कुणालाही असते. कार्डाची नसते, म्हणून काउंटरवरचा माणूस सांगेल तेवढे पैसे भरले जातात आणि बरीच रक्कम पुढे कार्डातच अडकून बसते.

हे परीक्षण एखाद्या बँकेचं नाही. नौपाडा, राम मारुती रोड, वाशीचं सेक्टर १७ अशा ठिकाणी बँका आणि परवानाधारक मनी चेंजर विद्यार्थ्यांना जे मल्टिकरन्सी प्रीपेड कार्ड देतात, त्या एकूण प्रकाराचं आहे. नावं वेगळी असली तरी कार्डांची जात एकच. पाचांत गुण द्यायचे तर साडेतीन. दीड गुण का कापला ते खाली येतंच आहे.

आधी कार्डाचं नेमकं काम समजून घ्या. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो भरलेले असतात. तिकडे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, पण ते जमा व्हायला जर्मनीतलं चालू खातं लागतं. खात्यासाठी बहुतेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ही नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायचीच असते. तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि ऑक्टोबरच्या सुमारास विद्यापीठांच्या शहरांत नोंदणी कार्यालयाची वेळ मिळणं हे वेगळंच दुखणं असतं. खातं उघडलं तरी बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या टपालाने येतात. खोलीच्या टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. कागदाचा तुकडा आणि सेलोटेप, एवढंच काम असतं. ते राहिलं की दोन आठवडे गेले. हे सगळं मिळून चार ते सहा आठवडे धरा. तेवढ्या काळात दूध-पाव, भांडीकुंडी, प्रवास आणि तात्पुरत्या मुक्कामाचे पैसे द्यायला हे कार्ड आहे. या कामात ते उत्तम आहे.

आता खरेदी. दुकानाबाहेर ‘शून्य कमिशन’ची पाटी असते. ती खरीच असते, कारण कमाई कमिशनमध्ये नसून दरात असते. समजा बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि काउंटर १०२ सांगतो आहे. १,५०० युरोंवर हे ३,००० रुपये झाले, आणि पावतीवर ते कुठेच वेगळे दिसत नाहीत. दिसतो तो जीएसटी. तो चलन बदलाच्या पूर्ण रकमेवर लागत नाही. १ लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का आणि त्यापुढे १० लाखांपर्यंत अर्धा टक्का हे सेवेचं मूल्य धरतात, आणि त्यावर १८ टक्के घेतात. १,५३,००० रुपयांच्या व्यवहारावर तो २२८ रुपये होतो. म्हणजे घासाघीस कशावर करायची ते उघड आहे. एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर, म्हणजे त्या दिवसाचा अधिकृत बाजारभाव, कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो. तो मोबाइलवर उघडून ठेवा आणि काउंटरला विचारा, ‘यावर किती पैसे?’ हा प्रश्न ऐकला की बऱ्याच ठिकाणी दर आपोआप खाली येतो. दोन काउंटरचे दर लेखी घेतलेत तर आणखी खाली येतो. कार्डाचं शुल्क माफ करून घेण्यात वेळ घालवू नका. ते काहीशे रुपयांचं असतं, आणि ते माफ केल्याच्या आनंदात दराकडे दुर्लक्ष होतं.

शनिवारी शक्यतो जाऊ नका. आंतरबँक बाजार बंद असल्याने काउंटर आपल्या सुरक्षिततेसाठी दरात जास्तीची उशी ठेवतो. गणपतीच्या आठवड्याचंही तेच. हिवाळी सत्रासाठी निघणाऱ्यांची घाई आणि बँकांच्या सुट्ट्या एकत्र येतात, आणि मग विमानतळावरच्या काउंटरला शरण जावं लागतं. तिथला दर सहसा सर्वात वाईट असतो.

मनी चेंजरकडे घेणार असाल तर रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का पाहा. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. रोखीने ५० हजारांच्या वर ते घेऊ शकत नाहीत. आणि कोणी घेतलेच, तर त्या दुकानातून बाहेर पडा.

एक चूक मात्र महागात पडते, आणि ती फॉर्म ए-टूवरच्या, म्हणजे परदेशी चलन घेताना भरायच्या अर्जावरच्या, एका ओळीत असते. परदेशी पैसे पाठवण्याचा उद्देश तिथे कोडने लिहितात. शिक्षणासाठीच्या प्रवासाचा, म्हणजे फी, वसतिगृह वगैरे धरून, कोड एस०३०५ आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा सवयीने एस०३०६, म्हणजे सहलीसकट इतर प्रवास, टाकून मोकळा होतो. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, लागत नाही, म्हणून बऱ्याच जणांना यात काही वावगं वाटत नाही. पण हिशेब करून पाहा. युरो १०० रुपयांचा धरला तरी ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो म्हणजे ११ लाख ९० हजार. मर्यादा तिथेच ओलांडली. त्यानंतर त्याच पॅनवर कार्डात १,५३,००० रुपये भरले आणि कोड चुकला, तर २० टक्क्यांनी ३०,६०० रुपये कापले जातात. शिक्षणाच्या कोडला दर बराच कमी आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला तो शून्य आहे. कापलेली रक्कम बुडत नाही, पॅनवरच्या आयकराच्या नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरून परत मिळते. पण मुलगा तिकडे चिल्लर मोजत असताना तीस हजार रुपये आयकर खात्याकडे पडून राहणं कोणालाच नको. सही करण्याआधी कोडची ओळ स्वतः वाचा. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, पॅन आणि तिकिटाची प्रत सोबत असली की दुसरी फेरी सहसा पडत नाही.

किट हातात आल्यावर त्याच दिवशी ॲपमध्ये जा. एटीएम, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं ही तीन बटणं अनेक कार्डांवर सुरुवातीला बंद असतात. ती चालू करा, पिन बदला, आणि शिल्लक युरोच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डातल्या त्या चलनाच्या कप्प्यात, आहे ना ते पाहा. चुकून डॉलरमध्ये भरली असेल तर जर्मनीतल्या प्रत्येक खरेदीवर साधारण ३ ते ३.५ टक्के क्रॉस-करन्सी शुल्क लागत राहील. हे कार्ड भारतात चालत नाही, त्यामुळे इथे कोपऱ्यावरच्या दुकानात वापरून खात्री करून घ्यायची सोय नाही. काही बिघडलंय हे फ्रँकफर्टला उतरल्यावरच कळतं. म्हणून त्यांच्या किटमध्ये दुसरं, राखीव कार्ड मिळत असेल तर घ्या आणि ते वेगळ्या बॅगेत ठेवा.

ओटीपी भारतातल्या मोबाइल नंबरवर येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, निदान एसएमएस येण्यापुरतं, आणि प्रीपेड नंबरची मुदत किमान तीन महिन्यांची करून ठेवा. ईमेलवरही ओटीपी पाठवणारं कार्ड मिळत असेल तर दर पाच पैशांनी जास्त असला तरी तेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिकडे ते कसं वागतं? रेवे, एडेका, आल्डी, लिडल या सुपरमार्केटांत बिनतक्रार चालतं. रेल्वेच्या तिकीट यंत्रावरही चालतं. अडतं ते छोट्या बेकरीत, काही कँटीनमध्ये आणि काही सरकारी खिडक्यांवर. तिथल्या मशीनवर कार्डाचं चित्र असतं, पण ती फक्त जर्मन बँकांचं गिरोकार्ड घेते. आपलं कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असतं, त्यामुळे ते नाकारलं जातं आणि मुलाला वाटतं शिल्लक संपली. घाबरून दहा वेळा टॅप करू नये, रोख काढावी. निवास परवान्याचे १०० युरो भरायला जातानाही रोख जवळ असू द्यावी.

एटीएमवरचा सापळा नीट ओळखून घ्या. पर्यटकांच्या गर्दीच्या जागी, स्टेशनबाहेर, उठून दिसणारी स्वतंत्र यंत्रं असतात. कार्ड भारतीय आहे हे यंत्राला लगेच कळतं. रक्कम टाकली की पडद्यावर ठळक अक्षरांत रुपयांतला आकडा येतो, आणि त्याखाली दोन पर्याय: ‘मिट उमरेखनुंग’ आणि ‘ओने उमरेखनुंग’. पहिला म्हणजे रूपांतरासह, दुसरा रूपांतराशिवाय. पहिला बहुधा हिरवा आणि मोठा असतो, दुसरा कोपऱ्यात. नेहमी दुसराच दाबायचा. पहिला दाबला तर यंत्रवाला त्याच्या दराने युरोचे रुपये करतो, आणि मग कार्डात रुपये नसल्याने त्या रुपयांचे पुन्हा युरो होतात. आपलेच युरो आपल्यालाच दोनदा विकले गेले. दुसरा पर्याय दाबल्यावर ‘व्यवहार रद्द होईल’ अशा अर्थाची सूचना काही यंत्रं दाखवतात. तो होत नाही. यंत्राचं स्वतःचं शुल्क, साधारण ५ युरोच्या आसपास, ते पैसे देण्याआधी दाखवतं, आणि कार्ड देणाऱ्याचं २ युरोंच्या आसपासचं शुल्क वेगळं. म्हणून चारदा ५० काढण्यापेक्षा एकदाच २०० काढावेत.

हॉटेलमध्ये हे कार्ड अनामतीसाठी देऊ नये. रोखून धरलेली रक्कम सुटायला काही वेळा दोन-तीन आठवडे लागतात, आणि प्रीपेड कार्डात ते खरे पैसे अडकलेले असतात.

कार्डाची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्याला आयबॅन, म्हणजे बँक हस्तांतरणासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नाही. वसतिगृहाचं भाडं, अनामत, सत्राचं शुल्क, आरोग्य विमा ही सगळी देणी जर्मनीत बँक हस्तांतरणाने किंवा खात्यातून थेट वळती होऊन जातात. कार्डात ४,००० युरो असले तरी त्यातला एक सेंटही असा पाठवता येत नाही. म्हणून अनामत आणि पहिलं भाडं ठाण्याच्या बँकेतूनच, निघण्याआधी वायरने पाठवावं. तेव्हा खर्चाच्या रकान्यात ‘ओयूआर’, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे, निवडा. नाहीतर मधली बँक १५-२० युरो कापते, वसतिगृहाला रक्कम कमी पोचते आणि किल्ली देताना तेवढ्यावरून अडवणूक होते. वसतिगृहाने दिलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहा. तो नसेल तर पैसे कोणत्या विद्यार्थ्याचे हे त्यांना कळत नाही.

मग कार्डात भरायचं किती? दहा रात्रींचा तात्पुरता मुक्काम ३५० युरो, सहा आठवड्यांचं खाणं ३००, डॉइचलँडटिकीट हा देशभरचा मासिक प्रवास पास २०२६च्या दराने ६३ प्रमाणे दोन महिन्यांचे १२६, अंथरूण-पांघरूण आणि भांडी १५०, निवास परवाना १००. हे झाले १,०२६. अडीअडचणीला साडेचारशे-पाचशे वर ठेवून १,५०० पुरतात. नोटांमध्ये ३०० ते ४०० युरो, त्यात ५० पेक्षा मोठी नोट नको, आणि ५-१० च्या नोटा मुद्दाम मागून घ्या. नोटांच्या स्वरूपात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच चलन नेता येतं, पण विद्यार्थ्याला एवढी गरजच नसते. एक युरोचं नाणं कोणाकडून मिळालं तर खिशात ठेवा, सुपरमार्केटची ट्रॉली त्यावर सुटते. शनिवारी रात्री पोचणारं विमान असेल तर रविवारी स्टेशनवरची सोडून बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा थालीपीठाची भाजणी हाताशी असू द्या.

जास्त भरून ठेवण्याचा तोटा परतीच्या वेळी कळतो. उरलेले युरो परत देताना काउंटरचा खरेदीचा दर लागतो, आणि तो त्याच्या विक्रीच्या दरापेक्षा चांगलाच खाली असतो. काही कार्डांना सहा महिने वापर नसेल तर निष्क्रियता शुल्कही आहे. जर्मन खातं सुरू झालं की उरलेली शिल्लक किराण्यावर, शेवटच्या सेंटपर्यंत, संपवून टाकणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

रक्कम कमी पडलीच तर घरच्यांना पुन्हा भरता येईल का, हे काउंटरवरच विचारून घ्या. काही ठिकाणी ॲपवरून होतं. काही ठिकाणी मुलाच्या सहीचा ए-टू फॉर्म आणि अधिकारपत्र मागतात, आणि मुलगा तोवर माइन्झला पोचलेला असतो. अशा ठिकाणी दोन-तीन फॉर्म आणि पत्रं निघण्याआधीच सही करून आईच्या कपाटात ठेवावीत. रक्कम, तारीख आणि दर मात्र कोरे सोडलेले फॉर्म काउंटरवाल्याकडे ठेवायला देऊ नका, त्याने कितीही सांगितलं तरी.