किलोला २८० रुपये देऊन मी स्वतःलाच विकत घेतलं

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ. आमच्या बेळगावात कुणी कानडीत गुजरी म्हणालं की समजायचं भंगार. या दोन गुजऱ्यांच्या मधे मी कुठंतरी अडकलो आणि सव्वा लाख घालवून बाहेर आलो.

शहापुरात माझं मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहान दुकान आहे. मेलेले मदरबोर्ड साठले की भंगारवाल्याला द्यायचे, चार पैसे सुटायचे. मग बोर्डातून सोनं काढणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. प्रोसेसरच्या पिनांवर, रॅमच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो हे खोटं नाही. त्यापुढचं 'लॉट घ्या, निवडा, दुप्पट करा' हे मात्र ज्याला लॉट विकायचा असतो तोच सांगतो. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

हुबळीकडच्या एकाचा फोन आला. बँकेच्या शाखांतून काढलेला माल, चौदा पोती मदरबोर्ड आणि यूपीएसचे तांब्याचे ट्रान्सफॉर्मर. माणूस घडाघडा मराठी बोलत होता. सगळी गोम इथंच आहे. तिकडं कुणी 'काय पावणं, बेळगावचं काय?' म्हटलं की आपण निम्मे विरघळतो. तोच कानडीत बोलला असता तर मी पावती दोनदा वाचली असती. कानडी मला चांगली येते, वाचताही येते. प्रश्न भाषेचा नव्हताच.

गोडाऊनमध्ये दोन पोती उघडून मी कोपरापर्यंत हात घातला. सगळे हिरवे मदरबोर्ड. ट्रान्सफॉर्मर लहान काट्यावर माझ्यासमोर मोजले, ३०० किलो. मग पोती आणि ट्रान्सफॉर्मर भरून टेम्पो मोठ्या वजनकाट्यावर नेला. रिकामा टेम्पो चढवला होता तेव्हा आत एकटा ड्रायव्हर होता. भरून चढवताना पाऊस सुरू झाला. "मामा, भिजताय कशाला, आत बसा की." मी बसलो. माझ्या मांडीला मांडी लावून त्यांचा हमाल बसला. एकूण माल भरला ७२० किलो. त्यातून ३०० वजा, म्हणजे बोर्ड ४२०. टॅक्स धरून बोर्ड २८० रुपयांनी, ट्रान्सफॉर्मर १६० रुपयांनी, मिळून १,६५,६००. २५,००० टोकन आधीच फोनवरून गेलं होतं, बाकीचे रोख मोजले. तोही अगदी सावकाश, नोट न नोट बघून घेत होता. खोट्या नोटेला भीत असावा बिचारा!

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा कागद, मागितलं तर "रात्रीचं निघा, कोण अडवतंय" म्हणाला. माल ५० हजारांच्या वर गेला की ते लागतंच, हे मला ठाऊक होतं. तरी निघालो. हिरेबागेवाडीचा टोलनाका ओलांडला तेव्हा मनात फक्त नफ्याचा हिशेब होता.

वडगावात आमची मागाची शेड आहे, माग बंद पडल्यापासून रिकामीच. तिथं माल उतरवला. दादा कंदिलासारखा तो जुना बॅटरीचा दिवा घेऊन आले. त्यांचा जन्म सुताच्या पेट्या उचलण्यात गेला. एक पोतं त्यांनी नुसतं कडेनं उचललं, परत ठेवलं. "किती म्हणालास?" तीस म्हटलं. "हे तीस न्हवं. वीस भरंल."

सकाळी मोजलं. चौदा पोती मिळून २८६ किलो. १३४ किलो कुठं गेलं यावर मी तासभर काट्याच्या पावतीकडं बघत बसलो. मग स्वतः काट्यावर उभा राहिलो. ७४. उरलेले ६० हमालाचे. माझ्या एकट्याचे मी त्याला २०,७२० रुपये मोजले होते.

पोत्यांची निळ्या दोऱ्याची शिवण उसवली. हिरवे बोर्ड बरोबर कोपरापर्यंत, खाली टीव्हीचे तपकिरी बोर्ड. तपकिरी बोर्डात सोनं शोधणं म्हणजे ताकात लोणी नाही, पाण्यात लोणी शोधणं. त्याला भाव येतो तो किलोला तीस-पस्तीस. वरचा थर तरी धुतल्या तांदळासारखा असेल म्हणावं, तर प्रोसेसर काढून नेलेले, सॉकेट नुसते आ वासून.

ट्रान्सफॉर्मर घेऊन उद्यमबागेत फाउंड्रीतल्या एका ओळखीच्याकडं गेलो. त्यानं वेटोळ्यावर ब्लेड ओढलं. वरचा तांबडा रंग वार्निशचा, आत पांढरंफेक ॲल्युमिनियम. दोन रुपयांच्या ब्लेडचं काम, आणि माझ्या दुकानात ब्लेडची पेटीच पडलेली असते.

बिल सीएला दाखवलं. त्यानं पहिले दोनच आकडे बघितले. जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता. २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, हे सीमेवरच्या दुकानदाराला पाठ असतं. हुबळीचा पत्ता, नंबर महाराष्ट्राचा, आणि टॅक्स लावलेला ९ अधिक ९, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा. पोर्टलवर नंबर घातला तर तो भलत्याच धंद्याचा निघाला. आम्ही रोज दोन्ही राज्यांची बिलं हाताळतो, म्हणून २७ माझ्या डोळ्याला खुपलंच नाही.

पोलिसांत गेलो. माल मिळालाय, हा देण्याघेण्याचा वाद आहे, असं ऐकून परत आलो. जास्त बोलायला मलाही तोंड नव्हतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हा माल शेवटी नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच जायला हवा. तशा दोघांनी माझा बिनकागदाचा माल दारातूनच परत पाठवला. ज्यानं घेतला त्यानं स्वतः ठरवलेल्या दरानं घेतला. हातात आले ४१ हजार.

गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका पोरानं मला फोटो पाठवला, 'काका, हा लॉट कसा वाटतोय?' तेच गोडाऊन, पोत्यांना तोच निळा दोरा, भाव २६०. टोकन उद्या देणार होता. त्याला म्हटलं, आधी शेडवर ये. एक ट्रान्सफॉर्मर मी विकला नाही, ब्लेडची रेघ त्यावर अजून आहे.