२० लिटरची ऑइलची बादली, पंप आणि बाकीचे डबे : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. इंजिन ऑइल आणि कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) मोठ्या पॅकमध्ये घेणं जमलं आणि परवडलंही. डिझेल गाडीचं युरिया फ्लुइड (धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं ते) जमतं, पण कॅलेंडर समोर ठेवून. ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल मोठं घेण्यात काडीचा अर्थ नाही.

मांडणी अशी: दोन पेट्रोल गाड्या, एक डिझेल, एक मोटरसायकल. दोन्ही पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी (पहिली घट्टपणाची ग्रेड, दुसरा दर्जा) चालतं असं लिहिलंय, म्हणूनच बादलीचा विचार झाला. फिल्टरसकट एकीला ३.६ लिटर लागतं, दुसरीला ४.२. दुसरीचं रनिंग जास्त, त्यामुळे १०,००० किमीच्या हिशोबाने ती आठ महिन्यांत परत ऑइल बदलायला येते. चौदा महिन्यांत तीन ऑइल बदल आणि टॉप-अप मिळून १२.८ लिटर गेलं, बादलीत ७.२ उरलं. या वेगाने २० लिटर जेमतेम दोन वर्षं पुरतात.

हाच हिशोब २०८ लिटरच्या ड्रमला लावा. लिटरमागे ड्रम स्वस्त पडतो हे खरं, पण तो संपायला वीसेक वर्षं लागतील. सीलबंद ऑइलला कंपन्या साधारण पाच वर्षं देतात. शिवाय मधल्या काळात गाडी बदलते, ग्रेड बदलते आणि भरलेला २०० किलोचा ड्रम कोपऱ्यात तसाच बसून राहतो. म्हणून लिटरमागचा दर पाहण्याआधी वर्षाला किती लागतं ते कागदावर मांडावं. उघडल्यापासून दोन वर्षांत संपेल तेवढाच पॅक घ्यावा.

एका बादलीत सगळ्या गाड्या बसवायचा मोह होतो, तो टाळा. डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, बहुधा एसीईए या युरोपीय मानकाचं सी२ किंवा सी३. साध्या ऑइलमधल्या धातूच्या अ‍ॅडिटिव्हची राख फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे क्लच घसरायला लागतो: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. तिथे जासो (मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेला एक लिटरचा डबाच बरा.

बादली घेताना वरच्या झाकणाची कड तपासा. ओढून फाडायची पट्टी अखंड हवी, तोटीखालचं सील घट्ट बसलेलं हवं, बॅच नंबर खाडाखोड न करता छापलेला हवा. पट्टी तुटलेली असेल तर दुकानदाराचं स्पष्टीकरण ऐकत बसू नका. मोठ्या पॅकमध्ये भेसळ झाली तर ती एका ऑइल बदलापुरती राहत नाही.

आता पंप. झाकणावर आटे घालून बसणारा, दांडा दाबून चालवायचा साधा पंप वापरात आहे. पहिले दोन महिने त्याच्यावर राग येत होता आणि कारणं तीन होती.

पहिलं, नळीचं खालचं टोक सरळ कापलेलं होतं. नळी तळाला टेकली की तोंड तळावर बसून बंद व्हायचं, दांडा दगडासारखा. टोक ४५ अंशात तिरकं कापलं आणि प्रश्न मिटला. पण मग दुसरा हिशोब लक्षात आला. नळीचं तोंड तळापासून २ सेंमी वर राहिलं तर २८ सेंमी व्यासाच्या बादलीत साधारण १.२ लिटर ऑइल पंपाला पोचतच नाही. त्यासाठी बादलीच्या एका बाजूखाली लाकडी पाचर ठेवा आणि नळीचं तोंड उताराच्या बाजूला वळवा. त्यातूनही जे राहील ते शेवटी नरसाळ्याने ओतून घ्यावं.

दुसरं, हवेची वाट. पंप झाकणावर इतका घट्ट बसला की आत हवा जायलाच जागा नव्हती. दोन लिटर काढल्यावर बादलीची भिंत आत खचली आणि ऑइल येणं थांबलं. दुसऱ्या तोटीचं बूच अर्धा फेरा सैल केलं की भिंत टक्कन बाहेर येते. उपसताना बूच सैल, काम झालं की घट्ट. विसरू नये म्हणून बुचाला लाल सुतळी बांधलेली आहे.

तिसरं, ओतायच्या बाहेरच्या नळीतलं शेवटचं ऑइल. दांडा सोडला तरी तोंडातून ३०-४० मिली ठिबकत राहतं. नळी वर करून तिचं टोक पंपाच्या मानेशी अडकवलं तर ते परत खाली उतरतं. टोकाला टोपी हवीच. तीन-चार महिने बंद राहिलेल्या पंपाच्या तोंडावर धूळ चिकटते, म्हणून नव्या वेळी पहिलं ५० मिली वेगळ्या डब्यात काढायचं. ते वाया जात नाही, बिजागऱ्या आणि साखळ्यांना चालतं.

दांड्याचे दाब मोजून ऑइल भरू नका. थंडीत ऑइल घट्ट असतं, दाबामागे कमी येतं, उन्हाळ्यात जास्त. खुणांच्या जगमध्ये काढा. ३.६ लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनात आधी ३.२ ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा आणि उरलेलं थोडं थोडं घाला. जास्त झालेलं काढण्यापेक्षा कमी पडलेलं घालणं नेहमीच सोपं.

‘अर्धी बादली उघडी राहिली की हवेतलं पाणी ऑइलमध्ये शिरतं’ हे सगळीकडे ऐकू येतं. थोडं गणित केलं तर भीती कमी होते. बादलीत १० लिटर हवा आहे आणि दिवस-रात्रीत तापमान १५ अंशांनी वरखाली होतं असं धरा. तेवढ्याने रोज साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करते. दमट हवेतल्या अर्ध्या लिटरमध्ये पाणी असतं सुमारे १२ मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं आत राहिलं, जे राहत नाही, तरी वर्षाला चार-साडेचार ग्रॅम. खरा धोका झाकणावर साचलेल्या पाण्याचा आहे. बादली किंवा ड्रम उघड्यावर उभा असेल, वरच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं असेल आणि रात्री आतली हवा आकसली, तर बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढलं जातं, तेही घोटाघोटाने. म्हणूनच बाहेर ठेवायचे ड्रम आडवे ठेवतात आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे तेलाच्या पातळीखाली, येतील असं बघतात. घरी बादली छताखाली, फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवली की पुरे. वर उलटं घमेलं झाकलं तर धूळही बसत नाही.

शंका आलीच तर जाड लोखंडी पत्रा १५०-१६० अंशांपर्यंत तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. कोरडं ऑइल गुपचूप पसरतं आणि धुरकटतं. पाणी असेल तर तडतडतं, बुडबुडे येतात. चष्मा घालून, मोकळ्या जागेत, एकच थेंब. ऑइल दुधाळ दिसत असेल तर चाचणीचीही गरज नाही, ते इंजिनात जाता कामा नये.

ब्रेक ऑइलचं वागणं याच्या नेमकं उलट. इंजिन ऑइल पाणी दूर लोटतं, ब्रेक ऑइल ते पिऊन धरून ठेवतं, सोडत नाही. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर मानकाला किमान १५५ पुरतात. डॉट ३ला हेच आकडे २०५ आणि १४०. लांब घाटउतारात ब्रेक तापले की या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. झाकण एकदा उघडल्याने एवढं पाणी येत नाही, पण सैल झाकणाची अर्धी बाटली शेल्फवर वर्षभर राहिली तर आत किती गेलंय हे डोळ्यांना कळत नाही. पूर्ण सिस्टीम बदलायला एक लिटरच्या आसपास लागतं. कामाच्या आठवड्यात ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणायच्या, उरलेलं टाकून द्यायचं. यात काटकसर नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र ३ आणि ४च्याच कुळातलं. नावं सारखी असल्याने इथे बरेच फसतात.

नरसाळी वेगळी ठेवण्याचा आग्रह इथूनच येतो. ब्रेकमधली रबरं खनिज तेल लागलं की फुगतात. ऑइलचं नरसाळं फडक्याने पुसून ब्रेकच्या टाकीवर लावलं तर त्यातला ओशटपणा मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी सील खराब करायला पुरेसा आहे. चार नरसाळी, चार रंग, प्रत्येक आपापल्या डब्याच्या गळ्यात बांधलेलं.

कूलंट मोठं घ्यायचं तर कॉन्सन्ट्रेट घ्या. तयार मिश्रणात निम्मं पाणीच असतं आणि आपण त्याचे पैसे व जागा दोन्ही देतो. ५ लिटरचे १० होतात. पाणी डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. सरळ ५०-५० करून ओतलं की एक चूक हमखास होते. पाण्याने फ्लश केल्यावर इंजिन ब्लॉकमध्ये एक-दीड लिटर पाणी अडकून राहतं आणि मिश्रण पातळ पडतं. ६.४ लिटरची सिस्टीम असेल तर आधी ३.२ लिटर निव्वळ कॉन्सन्ट्रेट घाला, मग पाण्याने लेव्हल करा. जास्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे जास्त संरक्षण असंही नाही: ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, तर निव्वळ इथिलिन ग्लायकॉल उणे १३लाच. रंगावर जाऊ नका, रंग हे मानक नाही. मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशनचा आकडा डब्यावर शोधा. कूलंट गॅल्व्हनाइज्ड भांड्यात कधीच नाही, जस्त त्यातल्या गंजरोधकांशी प्रतिक्रिया करतं. आणि हे द्रव्य गोडसर असतं, विषारी असतं. मुलं आणि जनावरं असतील तर कुलुपात. पाण्याच्या बाटलीत तर कोणतंच फ्लुइड भरू नका.

युरिया फ्लुइडचे १० लिटरचे दोन कॅन घेऊन पाहिले. यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. आयएसओ २२२४१ मानकाप्रमाणे २५ अंशांपर्यंत ते १८ महिने टिकतं, ३० अंशांपर्यंत १२ आणि ३५ अंशांपर्यंत फक्त ६. पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिन्यांचाच हिशोब धरा. उघडलेल्या कॅनच्या तोंडाशी पांढरे खडे जमतात. ते आत पडू न देता ओल्या फडक्याने पुसा. पितळी तोटी, तांब्याची नळी, जस्ताचा मुलामा असलेलं काहीही नको, प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच. ऑइलचे चार थेंब पडले तरी तो कॅन गेला असं समजा, कारण पुढे असलेले डोझिंग पंप (फ्लुइड फवारणारा) आणि कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा) त्या कॅनपेक्षा फार महाग असतात.

गिअर ऑइलबद्दल एवढंच की जीएल-४ आणि जीएल-५ या त्याच्या दोन प्रती, पण जीएल-५ ही जीएल-४ची सुधारलेली आवृत्ती नव्हे. पितळी सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. दोन लिटर लागतं, तेही वर्षानुवर्षांनी, साठवायचं कशाला?

नोंदींची एक अडचण अपेक्षित नव्हती. मार्करने डब्यावर लिहिलेली उघडल्याची तारीख ऑइलच्या बोटांनी महिन्याभरात पुसली गेली. ब्रेक ऑइलने तर छापील लेबलही उतरवलं. आता तारीख पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आणि चिठ्ठी डब्याच्या कानाला तारेने बांधलेली. त्याच चिठ्ठीवर प्रत्येक वेळी काढलेलं ऑइल आणि गाडीचं किलोमीटर. बादली सहा महिने हलली नसेल तर उपसण्याआधी बूच घट्ट करून ती दोन-चार वेळा आडवी गडगडवायची, म्हणजे तळाशी काही बसलं असेल तर मिसळतं.

जुन्या ऑइलसाठी रिकामी झालेली जुनी बादली ठेवा, कडेपर्यंत न भरता. त्यात कूलंट, ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल मिसळलं की ऑइल घेणारे ती परत पाठवतात. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो) २०० अंशांच्या वर असतो, त्याला सहज आग लागत नाही. ब्रेक क्लीनरचे कॅन आणि मेथनॉल असलेलं वॉशर फ्लुइड मात्र ज्वालाग्राही, ते गिझरच्या आणि वेल्डिंगच्या जागेपासून लांब, वेगळ्या फळीवर.

पुढची बादली सध्याचीत ४ लिटर उरले की आणायची. दोन बादल्यांतलं ऑइल एकत्र ओतायचं नाही. जुनीतलं आधी संपवायचं, पंप धुऊन नव्या झाकणावर बसवायचा आणि चिठ्ठी नवी करायची. २० लिटरच्या ऑइलला पंपासकट चार तारे. पाचवा कापला तो सरळ कापलेल्या नळीसाठी.