सिंदी ते अजनी: तिसरी लाइन अन् नव्या सिग्नलचा सात महिन्यांचा अनुभव

मागच्या पोळ्यापासून मी एक वही केली आहे. सकाळी मेमू, म्हणजे दर स्टेशनावर थांबणारी विजेची लोकल गाडी, सिंदीवरून किती वाजता सुटली, अजनीला किती वाजता लागली, संध्याकाळी परत किती वाजता उतरली, एवढंच त्यात लिहिते, अन् मधात कुठं थांबली तर त्या जागेचं नाव. आता होळी झाली, सात महिने झाले, वही भरत आली. गाडीत, बाजारात, लग्नात कोणी ना कोणी विचारतेच की "ताई, एवढी गिट्टी टाकली, एवढे खांब गाडले, फरक पडला का काही?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी माझं सांगते. मी सिंदी रेल्वेची, सेलू तालुका, वर्धा जिल्हा, जिथला तान्हा पोळा पाहायला लांबलांबून लोक येतात ते सिंदी. नोकरी नागपुरात, मेडिकल चौकाच्या बाजूला एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे सॅम्पल घ्यायची, म्हणून नागपूर स्टेशनपर्यंत जात नाही, अजनीलाच उतरते. सहा वर्षं झाली अप-डाऊन करून. नवरा शेती पाहतो, मुलगी चौथीत आहे, अन् घरी सासरे आहेत, मी त्यांना मामाजी म्हणते, ते रेल्वेतच गँगमन होते, हातोडा अन् पाना घेऊन याच पट्टरीवर आयुष्य काढलं त्यांनी. खाली रूळ-सिग्नलचं जे लिहिलं आहे ते बरंचसं त्यांनी जेवताना ताट बाजूला सरकवून बोटानं जमिनीवर रेषा काढून समजावलेलं आहे.

बाहेरच्या माणसाला आमच्या लाइनीचं दुखणं माहीत नसते. मुंबई-हावडा अन् दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे रूट नागपूर ते सेवाग्राम एवढ्या तुकड्यात एकत्र चालतात. नागपूरच्या पुढं एक फाटा गोंदियाकडं, एक इटारसीकडं, अन् सेवाग्रामच्या पुढं एक बडनेरा-भुसावळकडं, एक हिंगणघाट-बल्लारशाकडं, पण मधातले 76 किलोमीटर दोघांचे सामाईक. ही लाइन 1867 मध्ये नागपूरला पोचली तेव्हा इकडचा कापूस मुंबईला न्यायचा होता, आता तिच्यावर देशाच्या चारही टोकांच्या गाड्या आहेत, वरून कोळशाच्या मालगाड्या, एकेकीला 58-59 डबे. अन् कित्येक वर्षं हे सगळं दोनच पट्टऱ्यांवर, एक जायची अन् एक यायची. अशा जागी सगळ्यात शेवटचा नंबर कोणाचा, तर दर स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीचा. आधी सुपरफास्ट जाऊ द्या, मग दुसरी जाऊ द्या, मग मालगाडी निघून जाऊ द्या, अन् आम्ही लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या पट्टरीवर, उभे. बाजूनं गाड्या धडाधड जायच्या अन् डब्यातल्या बाया घड्याळ पाहायच्या, कोणाचं लेकरू शाळेतून येऊन कुलूप लावलेल्या दारात बसलेलं, कोणाची बस सुटलेली. हे मी पाच वर्षं रोज पाहिलं आहे.

नागपूर-सेवाग्राम तिसऱ्या अन् चौथ्या लाइनीचं काम गंज वर्षांपासून तुकड्या-तुकड्यानं चालू आहे. सोबतच सिग्नल बदलले. सिग्नलचा भाग मला आधी काहीच समजत नव्हता, रस्त्यावरच्या लाल-हिरव्यासारखं असन म्हणायची. मामाजीनं सांगितलं की जुन्या पद्धतीत दोन स्टेशनच्या मधात एका दिशेनं एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पूर्ण पोचली, तिकडच्या मास्तरनं लाइन क्लिअर दिली, तेव्हाच इकडून मागची सुटणार. पुढं भरलेली मालगाडी असली की ती रेंगत जाईपर्यंत मागचे सगळे बसून. ऑटोमॅटिक सिग्नलमध्ये तोच तुकडा साधारण एकेक किलोमीटरचा केला अन् दरेकाच्या तोंडाशी सिग्नल दिला. समोरचा तुकडा भरलेला तर लाल, एक मोकळा तर एक पिवळा, दोन मोकळे तर दोन पिवळे, पुढं सगळं मोकळं तर हिरवा. म्हणजे गाड्या एकीच्या मागं एक निघू शकतात. दारात उभं राहून पाहिलं तर ओळखू येते, अशा सिग्नलच्या खांबावर गोल पांढऱ्या पाटीवर काळा इंग्रजी ए लिहिलेला असते.

मग मी विचारलं, पण तुकड्यात गाडी आहे की नाही हे सिग्नलला समजते कसं? मामाजी म्हणाले, "आपला गायकी सकायी आखरावरून ढोरं मोजून नेते अन् संध्याकायी मोजून आणते ना, तसंच हाय ते. रुळाले यंत्र बसवलेलं असते, ते चाकाचे आस मोजते. जितके आत गेले तितके बाहेर निघाले तर तुकडा मोकळा. एक जरी कमी भरला, सिग्नल लालच रायते." याला ॲक्सल काउंटर म्हणतात. तेव्हापासून रुळाच्या बाजूच्या त्या पेट्या दिसल्या की मला आखर आठवते.

अजून एक गोष्ट सांगून ठेवते कारण डब्यातल्या बाया घाबरतात. कधी कधी गाडी मधातच, ना स्टेशन ना काही, तुरीच्या वावराजवळ थांबते अन् मग सिग्नल लाल असूनही हळूहळू सरकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं. पण तो नियमच आहे, ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला तर दिवसा एक मिनिट अन् रात्री दोन मिनिट थांबून ड्रायव्हर अगदी हळू, समोर पाहत पाहत पुढं जाऊ शकतो. स्टेशनात घेणारा अन् स्टेशनातून सोडणारा सिग्नल लाल असला तर तसं चालत नाही, तिथं थांबणं म्हणजे थांबणं.

आता फरक काय पडला ते. गाडी काही फार जोरात पळायला लागली नाही. सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी, गुमगाव, खापरी, दरेक जागी थांबते, तेवढा वेळ लागतोच. पण संध्याकाळी अजनीवर गाडीत बसली की घरी फोन करून "भाजी टाका" म्हणता येते, हे आधी कधी नव्हतं. आधी गाडी वेळेवर सुटायची अन् पोचायची कधी वीस मिनिटं, कधी तास-दीड तास उशिरा, अन् कोणत्या दिवशी काय होईल ते कोणालाच माहीत नसायचं. वहीतल्या सात महिन्यात बहुतेक पानांवर संध्याकाळची वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आतबाहेर आहे. मुलीची शिकवणी सहाला सुटते, तिला आणायला मी स्वतः जाते आता, आधी शेजारच्या काकूंच्या घरी बसवून ठेवावं लागे अन् रोज रोज त्यांना सांगायला मला संकोच वाटे. लॅबमध्ये तीन लेट झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, दिवाळीनंतर माझा एकदाही कापला नाही. ज्याचं पोट अप-डाऊनवर आहे त्याला हे केवढं मोठं आहे ते सांगायची गरज नाही.

यात सिग्नलचा वाटा किती अन् तिसऱ्या लाइनीचा किती, यावर आमच्या डब्यात रोज चर्चा होते. माझं मत सांगते. नुसत्या सिग्नलनं भागलं नसतं. सिग्नलमुळं मागची गाडी पुढच्या गाडीच्या जवळ येऊ शकते, पण पुढं मालगाडी असली तर तिच्या मागं मागंच चालणार, ओलांडून थोडीच जाणार. बंडीच्या मागं मोटरसायकल अडकते तसं, रस्ता अरुंद असला तर हॉर्न वाजवून काय होते. म्हणून जिथं जिथं तिसरी लाइन सुरू झाली तिथं मालगाडी बाजूला काढता येते अन् मेन लाइन आमच्यासाठी अन् एक्स्प्रेससाठी मोकळी राहते. काही लोक म्हणतात की नवीन लाइनीवर प्लॅटफॉर्म नाही तर आमच्या काय कामाची. काम आहे तिचं. कोळसा तिकडून गेला म्हणूनच आपण इकडून चाललो, मी कित्येकदा खिडकीतून पाहिलं आहे, बाजूला भरलेले डबे चालले आहेत अन् आपली मेमू त्यांना मागं टाकून जाते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा डब्यात सगळ्यांनी माना वळवून पाहिलं होतं.

मेमूचाही फायदा आहेच. जुन्या पॅसेंजरला एकच इंजिन, थांबून परत वेग पकडायला वेळ लागे, अन् शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत बसा. मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन अन् मोटर डब्यांतच, त्यामुळं पिकअप चटकन.

रूळही बदलले काही ठिकाणी, मीटरला 60 किलोवाले, सिमेंटचे स्लीपर, सांधे वेल्डिंग केलेले. पहिले जो खटखट-खटखट आवाज यायचा तो कमी झाला, मला गाडीत झोप लागायला लागली. पण मामाजींची काळजी वेगळी. त्यांचं म्हणणं, लांब वेल्ड केलेल्या रुळाला आपल्या इकडचा मे महिना लय जड जाते, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रूळ तापून वाढतो, वाकायची भीती असते, म्हणून भर उन्हात पेट्रोलिंग करणारे अन् कीमन, म्हणजे रोज पायी चालून रूळ तपासणारे, पुरेसे पाहिजेत. लाइनी दुप्पट झाल्या तर चालून पाहणारी माणसंही त्या मानानं वाढली पाहिजेत, हे ते दर उन्हाळ्यात सांगतात अन् मला ते शंभर टक्के पटते.

आता त्रासाचं. ब्लॉकचे, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवायचे, दिवस. नवीन लाइन जुन्या स्टेशनाला जोडायची, पॉइंट, म्हणजे गाडी एका पट्टरीवरून दुसरीवर वळते ती जागा, बदलायचे, नवीन इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल अन् पॉइंट एकमेकांना बांधून ठेवणारी यंत्रणा, चालू करायचं म्हटलं की ती यंत्रणा काही दिवस बंद ठेवून करायचं नॉन-इंटरलॉकिंगचं काम निघते अन् त्या दिवसांत सगळ्यात आधी मेमू रद्द. मला हे समजते की काम करायचं तर गाड्या थांबवाव्या लागतात, माणसं रुळावर उभी राहून काम करतात, त्यांचा जीव आधी. पण रद्द झाल्याचं आम्हाला आदल्या रात्री मोबाइलवर कोणाच्या तरी मेसेजवरून समजते, अन् सकाळी अंधारात प्लॅटफॉर्मवर आलेल्या भाजीवाल्या बाईला तर तेही समजत नाही. टोपल्यात मेथी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन ती बसलेली, गाडीच नाही. तिचा त्या दिवसाचा माल गेला. वहीत अशा दिवसांवर मी लाल रेघ मारली आहे. एसटीनं जायचं तर पैसा दुप्पट-तिप्पट अन् वेळही. चार दिवस आधी स्टेशनवर मराठीत मोठ्या अक्षरात बोर्ड लावला, गावात दवंडीसारखं भोंग्यावरून सांगितलं, एवढं झालं तरी निम्मा त्रास कमी होईल.

दुसरा त्रास फाटकाचा. गाड्या एकीच्या मागं एक लगेच यायला लागल्या तसं गेट बंद राहायचा वेळ वाढला. कापसाच्या हंगामात बंड्या अन् ट्रॅक्टरची रांग लागते. जिथं गेट बंद करून खालून बोगदा दिला तिथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी, बैल पाण्यात उतरत नाही. स्टेशनाचं काम करताना वावरात जाणाऱ्या माणसाचा रस्ता कुठून जातो हेही पाहायला पाहिजे होतं, निदान पाणी काढायला पंप तरी पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत वहीची पानं थोडी खराब आहेत. उत्तरेकडं धुकं पडते, दिल्लीकडच्या गाड्या उशिरा येतात अन् त्या आल्या की सगळ्यांची वेळ सरकते. त्याला इथले सिग्नल काय करतील.

तिकिटाचं एक बरं झालं. कोरोनानंतर या गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं, कमीत कमी 30 रुपये, ते फेब्रुवारी 2024 मध्ये परत 10 वर आलं. मी तीन महिन्यांचा पास काढते, तो महिन्याच्या पासच्या 2.7 पट पडतो, म्हणजे थोडी बचत. अन् ज्या घरात मुली शिकतात त्यांनी लक्षात ठेवा, पदवीपर्यंत मुलींना घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास फुकट मिळते, मुलांना बारावीपर्यंत. आमच्या डब्यात सेलू रोड अन् तुळजापूरवरून चढणाऱ्या किती तरी पोरी या पासवर नागपूरला शिकतात.

याच पोरींवरून माझं खरं म्हणणं. पट्टरी वाढली, सिग्नल वाढले, पण आमच्या गाड्या वाढल्या नाहीत. संध्याकाळची मेमू निघून गेली की मग आमच्यासारख्या स्टेशनला थांबणारी गाडी नाही, अन् कोणाचं प्रॅक्टिकल लांबलं, कोणाची शिफ्ट लांबली, तर ती बुटीबोरीपर्यंत बसनं अन् पुढं जे भेटेल त्यानं. मागच्या महिन्यात एक पोरगी घरी पोचली रात्री साडेदहाला, तिच्या बापानं आता कॉलेज बंद करतो म्हटलं. मी त्यांच्या घरी जाऊन बोलली, तेव्हा तो माणूस म्हणाला, "बाई, मले का तिचं शिक्षण नको हाय का? पण गाडीच नाई तर मी काय करू?"

अन् आता नाही मागितलं तर पुढं मिळणं अजून कठीण आहे. 2025 मध्ये केंद्रानं वर्धा-बल्लारशा चौथी लाइन मंजूर केली, इटारसी-नागपूर चौथी मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये भुसावळ-वर्धा 314 किलोमीटरची तिसरी अन् चौथीही मंजूर झाली. चांगलंच आहे. पण नकाशा समोर ठेवून पाहा, या सगळ्या लाइनींचं तोंड आमच्याच तुकड्याच्या दोन टोकांना उघडते. तिकडून जास्त गाड्या आल्या की त्या इथूनच जाणार, अन् आज जी जागा मोकळी झाली आहे ती लांबच्या गाड्यांनी अन् मालगाड्यांनी भरून जाईल. गोंदिया-बल्लारशा 240 किलोमीटरची दुहेरी लाइनही त्याच वर्षी मंजूर झाली आहे, ती झाली की चंद्रपूर-गोंदियाकडचा काही माल नागपूरला न येता तिकडून जाऊ शकेल, तेवढाच आमचा भार हलका. पण टाइमटेबलमध्ये एकदा आपल्या गाडीचं नाव लागलं पाहिजे, मग मागं हटवायला कोणालाही अवघड जाते.

आमची मागणी साधी आहे. रात्री आठच्या आसपास नागपूरवरून वर्ध्यापर्यंत एक मेमू, सगळ्या छोट्या स्टेशनांवर थांबणारी, अन् दुपारी एक. अर्ज लिहून झाला आहे, वहीच्या सात महिन्यांच्या पानांची झेरॉक्स जोडली आहे, म्हणजे गाडी वेळेवर चालू शकते हे रेल्वेला त्यांच्याच लाइनीवरून दिसन. सह्या गोळा करणं चालू आहे. सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बोरखेडीवरून जे कोणी जातात त्यांनी सकाळच्या मेमूत लेडीज डब्यात विचारा, कागद माझ्या पिशवीत असतो, अन् पुरुष मंडळींसाठी दुसरा कागद सिंदीच्या प्लॅटफॉर्मवर चहावाल्या दादाकडं ठेवला आहे. पासचा नंबर लिहायला विसरू नका.