आठ महिने बीपी मशीन वापरल्यावर: ते लुकलुकणारं हृदयाचं चिन्ह आणि कफचं भांडण

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तासभर उभा राहून भांडून आलो, म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर लिहूया लिहूया म्हणत हे राहूनच गेलं असतं. दंडाला कफ (हवा भरून फुगणारी कापडी पट्टी) गुंडाळायचं डिजिटल बीपी मशीन, चार सेलवर चालणारं, २,३५० रुपयांना घेतलेलं. असलं मशीन आता बऱ्याच घरात असतं, त्यामुळं बटण कुठं आणि मेमरी किती ते सांगत बसत नाही. कंपनीचं नावही घालत नाही, कारण मला जे बोलायचंय ते सगळ्यांच्याच मशीनमध्ये आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात लुकलुकणारं ते हृदयाचं चिन्ह. ठोके अनियमित आहेत म्हणून सांगणारं.

माझं बायपास झालं गेल्या जुलैत, तीन नळ्या जोडल्या. मी बेळगावात वडगावला राहतो, यंत्रमागावर आयुष्य गेलं, आता माग पोरगा बघतो. ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, ते तीन बॉलवालं, श्वास आत ओढून फुप्फुसाचा व्यायाम करायचं यंत्रपण ओढायला लावलं. तिसऱ्या रात्री छातीत फडफड चालू झाली. मागावर धोटा मध्येच अडखळला की एक ठोका गाळतो आणि पुढचे दोन घाईघाईनं येतात, तसलंच, फक्त ते थांबेना. सिस्टर आली, खानापूरकडची पोरगी, तिनं छातीवर स्टेथोस्कोप लावून घड्याळ बघत पूरा एक मिनिट मोजलं आणि म्हणाली १३२. ट्रॉलीवरच्या मशीनवर मात्र १०४ दिसत होते. मी विचारलं खरं कुठलं, तर म्हणाली, "काका, दोन्ही खरं. हृदय मारतंय तेवढे सगळे ठोके हातापर्यंत पोचत नाहीत, काही ठोक्यात रक्तच नीट भरत नाही, मग ते हाताला लागायचे कसे."

हे वाक्य तेव्हा नीट ध्यानात धरलं असतं तर पुढचे दोन महिने सुखात गेले असते.

सकाळी डॉक्टरांनी समजावलं. एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरतात, आणि बायपासनंतर साधारण चार पेशंटमागे एकाला तरी हे होतं, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. ऑपरेशनमुळं आत सूज असते, शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम खालीवर होतं, त्यानं हे उठतं आणि बऱ्याच जणांचं सहा-आठ आठवड्यात बसतं. घाबरायचं ते फडफडीला नाही तर थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होण्याला, कारण ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करायची एपिक्सॅबॅन ५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, ठोके आवरायला मेटोप्रोलॉल, आणि ताल जाग्यावर आणायला अमिओडॅरोन. त्या शेवटच्या गोळीत आयोडीन असतं म्हणून थायरॉइडची तपासणी करत राहायची, उन्हात बसायचं नाही कातडी भाजते, आणि गोळी बंद केली तरी ती अंगात कित्येक आठवडे राहते. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. घरी जाताना सांगितलं की रोज बीपी आणि नाडी लिहा, त्यासाठी पोरानं खडेबाजारातून हे मशीन आणलं.

पहिल्याच आठवड्यात चिन्ह लागलं. आकडे ठीक, ११८/७४, नाडी ७८, आणि कोपऱ्यात ते हृदय लुकलुक लुकलुक. परत घेतलं, परत लागलं. तिसऱ्यांदा नाही लागलं. चौथ्यांदा लागलं. मंडळी, म्हणजे बायको, म्हणाली, "पुन्हा काय बघूलालाय, ठेवा की ते." मी ठेवलं नाही, त्या दिवशी अकरा वेळा बीपी घेतलं आणि दंडावर लाल वळ उठला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना हे असं करू नये हेपण नंतर कळलं.

आता माझी मुख्य तक्रार. मशीनसोबत पुस्तक येतं, पाट्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्लिश आणि हिंदी. मराठी नाही, कन्नड नाही. बेळगावात विकता, खानापूर निपाणी चिकोडीत विकता, आणि इथल्या माणसाला समजेल अशी एकपण भाषा त्यात नाही. सेल कसे घालायचे त्याला चार चित्रं. आणि ज्या चिन्हानं माणसाची झोप उडते त्याला एक ओळ, की हे सारखं दिसत असेल तर डॉक्टरांना भेटा. सारखं म्हणजे किती? रोज? तीनदा? रात्री दोन वाजता दिसलं तर निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं? कायच नाही. चिन्ह द्यायला जमतं तर त्याचा अर्थ अर्ध्या पानात, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडात छापायला किती खर्च येतो? माझं उघडं मत आहे, अर्थ न सांगता इशारा देणं हे पेशंटवर अन्याय आहे.

त्याचा परिणाम काय होतो ते सांगतो. गणपती विसर्जनाची रात्र, सगळीकडं डॉल्बी, खिडकीच्या काचा थरथरूलेल्या, मला झोप नाही. साडेबाराला बीपी घेतलं, चिन्ह. पाच मिनिटांनी परत, चिन्ह. पोराला उठवलं, रस्ते बंद, मिरवणुकीला वळसा घालत रिक्षा गल्लीबोळातून हॉस्पिटलला पोचायला पाऊण तास लागला, तो पाऊण तास छातीची जखम धरून उशी कवटाळून बसलेलो. ईसीजी काढला. फिब्रिलेशन नाही. मधूनमधून जास्तीचे ठोके, एक्टोपिक म्हणतात, ते होते, आणि ऑपरेशननंतर ते खूप जणांना असतात, चांगल्या माणसालापण असतात. रिक्षा, केस पेपर, ईसीजी, इमर्जन्सीची फी सगळं धरून चौदाशे रुपये गेले आणि सूनबाई रात्रभर दारात बसून राहिली. पैशापेक्षा तिचं ते बसून राहणं मला लागलं. तेव्हा हे लिहिलं असतं तर एकच लिहिलं असतं, असलं चिन्ह असलेलं मशीन घेऊ नका.

तिथल्या ड्युटी डॉक्टरनी मात्र दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. एक, ह्या मशीनला कुठला अनियमितपणा ते कळत नाही. घरी येऊन पोरानं पुस्तकातली इंग्लिश ओळ वाचून दाखवली, दोन ठोक्यातलं अंतर सरासरीपेक्षा २५ टक्के कमी किंवा जास्त झालं की चिन्ह लागतं, बस्स. मग तो एखादा एक्टोपिक असो, फिब्रिलेशन असो, की तुम्ही मध्येच खोकला किंवा हात हलवला असो. मागाच्या भाषेत सांगायचं तर माग बंद पडला एवढं कळतं, सूत तुटलं की पट्टा घसरला की लाईट गेली ते जाऊन बघावं लागतं.

दुसरं, बोटानं नाडी बघायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं, अंगठा नाही कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते, आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, पूरा एक मिनिट मोजायचं. नुसतं मोजायचं नाही, ऐकायचं. मला हे जमायला दोनच दिवस लागले, आयुष्यभर मागाचा आवाज ऐकलेला माणूस, पलीकडच्या खोलीतून कुठला माग चुकूलालाय ते सांगायचो. एक्टोपिक असला की ताल सरळ चालतो, मध्येच एक ठोका लवकर येतो, मग मोठा खंड, आणि परत ताल सरळ. फिब्रिलेशनला तालच नसतो, कुठंच सम सापडत नाही, लहान मोठा लहान लहान मोठा, काय ठरलेलं नाही. बोटाला हा फरक बऱ्यापैकी कळतो, पण नक्की सांगणार ईसीजीच, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.

मग पद्धत ठरवली. सकाळी संडास-लघवी करून, चहाच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. आधी बोटानं एक मिनिट, मग मशीन, एक-एक मिनिट सोडून तीनदा, आणि तिन्हीची सरासरी लिहायची. ताल बिघडलेला असला तर प्रत्येक ठोक्याचं प्रेशर वेगळं असतं म्हणून एका आकड्यावर जायचं नाही. दिवसातून दोन वेळा, त्याच्यावर नाही. वहीत शेवटी एक रकाना, चि. म्हणजे चिन्ह, तीनपैकी किती वेळा.

आणि ह्या रकान्यामुळंच माझं मत बदललं. ऑक्टोबर संपता संपता पोट बिघडलं, दोन दिवस जुलाब, मी साखर-मीठ पाणीपण नीट घेतलं नाही. तिसऱ्या सकाळी चि. तीनपैकी तीन. संध्याकाळी परत तीनपैकी तीन. मला फडफड कायच नव्हती, नुसता थकवा, तो मी जुलाबाचा धरला. बोट ठेवलं तर समच सापडेना. मशीन ९६ दाखवत होतं, आणि मला त्या सिस्टरचं वाक्य आठवलं, आत ह्याच्यापेक्षा जास्त असणार. वही घेऊन गेलो. ईसीजीत फिब्रिलेशनच होतं, ठोके ११८, आणि रक्तात पोटॅशियम ३.१, जे ३.५ च्या खाली नको. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ताल आपोआप जाग्यावर आला. महत्त्वाचं हे, की रक्त पातळ करायची गोळी बंद करायचं त्याच आठवड्यात ठरत होतं. ते पुढं ढकललं. डॉक्टर वहीची पानं उलटत म्हणाले, हे असंच लिहीत जावा. त्रास न जाणवता पण फिब्रिलेशन असतं आणि गुठळीचा धोका तेवढाच असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चिन्ह नसतं तर मी जुलाबाचा थकवा म्हणून घरातच पडून राहिलो असतो.

म्हणजे ज्या चिन्हाला दोन महिने शिव्या दिल्या त्यानंच वाचवलं. पुस्तकाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

रात्री कधी निघायचं तेपण विचारून घेतलं, दाराच्या मागं कागद चिकटवलाय. छातीत दुखणं, चक्कर येऊन अंधारी, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं किंवा जीभ जड, एका बाजूचा हातपाय लुळा, नाहीतर आराम करूनसुद्धा १२० च्या वर ठोके राहिले, तर १०८ ला फोन, थांबायचं नाही. नुसतं चिन्ह आणि बाकी ठीक असेल तर वहीत लिहून सकाळी फोन. हे मला सांगितलेले आकडे आहेत, तुमच्या डॉक्टरांकडून तुमचे घ्या, आणि गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

आता मोडलं ते. फेब्रुवारीत कफ फुगता फुगता बसायला लागला, मग नुसती एरर. सेल बदलले, एकशे साठ रुपये फुकट. अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो तो मी घेतलाच नव्हता, त्याला पाचशे कशाला. सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरचा पोरगा न बघताच म्हणाला, "कफ चेंज माडबेक्री," म्हणजे कफ बदलायला पाहिजे, साडेनऊशे रुपये, आणि मशीन पंधरा दिवस ठेवून जावा. म्हटलं वॉरंटी आहे. म्हणाला मशीनला आहे, कफला नाही.

घरी परत आणलं. वाटीत साबणाचा फेस केला, नळीवर बोटानं लावत गेलो, पोरगा बटण दाबून हवा भरत होता. कापडाच्या पिशवीला काय नाही, नळीला काय नाही, जिथं नळी मशीनमध्ये खुपसतो त्या प्लास्टिकच्या टोकाशी बारीक बुडबुडे. टोकाला केसाएवढी चीर. रोज काढ-घाल करून पडली असणार, पण आठ महिन्यात पडावी असं ते टोक का बनवतात? वॉरंटी कार्ड भिंगाखाली धरून वाचलं, त्यात स्पष्ट आहे, मशीन तीन वर्षं, कफ एक वर्ष. ते कार्ड, बिल आणि फेसाचा व्हिडिओ घेऊन परत गेलो, कन्नडात बोललो, मराठीत बोललो, आवाज चढवला नाही कारण तो मला चढवून चालत नाही, पण जागचा हललो नाही. तासाभरानं आतून मोठे साहेब आले, कार्ड बघितलं, नवीन कफ दिला, पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवस नाही आणि साडेनऊशे नाही. बिल आणि कार्ड जपून ठेवा, आणि दंडाचं माप बघून कफ घ्या, माझ्या कफवर २२ ते ३२ सेंटीमीटर लिहिलंय, जाड दंडाला तो बसत नाही आणि आकडे चुकतात.

मशीन बंद होतं ते नऊ दिवस नुसत्या बोटावर काढले. नाडी रोज लिहिली, बीपीचा रकाना रिकामा. मधल्या काळात २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगाला लावून दिवसरात्र ईसीजी टिपणारं यंत्र, झालं होतं, त्यात फिब्रिलेशन सापडलं नाही, अमिओडॅरोन बंद झाली, एपिक्सॅबॅन अजून चालू आहे, पुढच्या तपासणीत बघू म्हणालेत. नवीन कफ लावून काल सकाळी घेतलं: बोटानं ७०, मशीन ७०, १२२/७६, चि. तीनपैकी शून्य. मंडळीला पण आता बोटानं नाडी बघता येते, रात्री झोपताना माझं मनगट तीच धरते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजते.