पीट रोझ की बॅरी बाँड्स? हॉल ऑफ फेमचा मान आधी कोणाला मिळावा?

अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान-दालनाने, या दोन्ही खेळाडूंना दाराबाहेरच ठेवलं. रोझच्या ४,२५६ हिट्सचा (यशस्वी फटक्यांचा) विक्रम आजही अबाधित. पण मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले. १९८९मध्ये कायमची बंदी आली. ती उठली २०२५मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. बाँड्सवर अशी बंदी नव्हती. ७६२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके), सात एमव्हीपी (मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार), तरी स्टिरॉइड्सचा डाग. २०२२मध्ये, क्रीडा पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीत, ६६ टक्के मतं मिळाली, लागतात ७५.

माझं मत बाँड्सला. त्याचे तीन एमव्हीपी १९९३पर्यंतचे, संशयाच्या बरेच आधीचे. रोझचं प्रकरण वेगळं. कोणता पिचर (चेंडू फेकणारा) आज दमवायचा, कोणता राखून ठेवायचा, हे मॅनेजर ठरवतो. त्याचेच पैसे लागले असतील तर विश्वास कशावर ठेवायचा? (तो जिंकण्यावरच पैसे लावायचा म्हणे. असेल!)