चर्चचे रुग्णसाहित्य केंद्र : खाट देण्याआधी दाराचे माप विचारणारी सेवा

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांच्या हाती जी यादी पडते, तिच्यात फाउलर खाट (डोक्याकडचा व गुडघ्यांकडचा भाग उचलता येणारी), हवेची गादी (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा टाळण्यासाठीची, पंपावर चालणारी), कमोड खुर्ची, वॉकर अशी नावे असतात. ही सारी सामग्री आणायची कोठून आणि दोन खोल्यांच्या घरात मांडायची कशी, याचा उल्लेख तिच्यात नसतो. सासूबाईंच्या आजारपणात आमच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा शेजारणीने पश्चिम उपनगरातील आपल्या चर्चचे रुग्णसाहित्य केंद्र, म्हणजे अशी सामग्री वापरापुरती देणारी सोय, सुचवले. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण साहित्य मोजके आहे आणि त्यावर पहिला हक्क त्या परिसरातील रुग्णांचा आहे. मुंबईत इतरही काही चर्चमध्ये अशी सोय असते; जवळच्या चर्चच्या कार्यालयात चौकशी केल्यास कळू शकेल.

कागदपत्रांचा त्रास नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची प्रत आणि परत मिळणारी अनामत एवढ्यावर काम होते. भाडे घेत नाहीत. अर्जात धर्माचा रकाना नाही, आणि संपूर्ण काळात कोणी आम्हांला प्रार्थनेला बोलावले नाही की हाती पत्रक दिले नाही. (ही शंका घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी आधीच बोलून दाखवली होती, म्हणून मुद्दाम नोंदवते.)

या सेवेचे खरे वेगळेपण मात्र साहित्य हाती पडण्यापूर्वीच दिसले. मी चाकांची खुर्ची मागताच तेथील ज्येष्ठ स्वयंसेवक म्हणाले, "ताई, आधी न्हाणीघराच्या दाराचं माप सांगा, खुर्चीचं मग बघू." आमच्या जुन्या इमारतीतील ते दार जेमतेम चोवीस इंचांचे, आणि प्रौढांसाठीची नेहमीची चाकांची खुर्ची बहुधा त्याहून रुंद. तिच्याऐवजी त्यांनी अरुंद कमोड खुर्ची दिली, तिच्या पायांची रबरी टोपणे झिजलेली पाहून तेथेच बदलली आणि ओल्या फरशीवर ती कशी टेकवायची हे स्वतः बसून दाखवले. खाट सुटी करून जिन्याने वर न्यावी लागली. ती जोडायला दोन तरुण घरी आले. डोक्याकडचा आणि गुडघ्यांकडचा भाग वेगवेगळ्या दांड्यांनी कसा उचलायचा, हे त्यांनी माझ्याकडून फिरवून घेतले, नुसते सांगितले नाही. हवेची गादी घातली म्हणून रुग्णाला कुशीवर वळवणे थांबवायचे नाही, दर दोन तासांनी वळवायचेच आणि टाचा व माकडहाडाजवळची कातडी लाल होते का ते रोज पाहायचे, हेही केंद्रातल्याच एका निवृत्त परिचारिकेने बजावले. हे आम्हांला रुग्णालयात कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

कार्यालयाच्या भिंतीवर बायबलमधील याकोबाच्या पत्रातील वचन लावले आहे: उघड्यानागड्या, उपाशी माणसाला "ऊब घ्या, पोटभर जेवा" असे नुसते म्हणून त्याच्या शरीराला लागणारे काहीच दिले नाही, तर त्याचा उपयोग काय, अशा आशयाचे. ख्रिस्ती परंपरेतील करुणा ही अशी प्रत्यक्ष वस्तूंत उतरते, असे तेथे वावरताना जाणवते. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी (शोमरोन प्रांतातला एक वाटसरू) वाटेत पडलेल्या घायाळाच्या जखमांना तेल व द्राक्षारस लावतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाला दोन दीनार (चांदीची नाणी) देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भागवीन, असे सांगून जातो. मला त्यातले हे शेवटचे, हिशेबाचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. कारण मदत करून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात, पुढच्या खर्चाचा विचार करणारे थोडे. या केंद्रातून काही दिवसांनी आपणहून फोन आला, गादीचा पंप नीट चालतो का, अशी विचारपूस झाली, तेव्हा ते वाक्य आठवले.

याच शहरात वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. तेथील काम फार मोठे आणि निराळे. हे केंद्र त्यापुढे लहान. तरीही बरा होण्याची आशा असलेल्या, पण घरी अडकलेल्या रुग्णासाठी अशी लहान केंद्रेच हाताशी असतात.

आता उणिवा. केंद्र रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधील सामूहिक उपासनेनंतर) आणि आठवड्यातील एका संध्याकाळीच उघडे असते. रुग्णालय मात्र मंगळवारी दुपारीही घरी पाठवते. साहित्याची नोंद एकाच जाड वहीत असल्यामुळे कोणती वस्तू शिल्लक आहे, हे फोनवर कळत नाही, आणि प्रतीक्षेत आपला क्रमांक कितवा, याचेही उत्तर मिळत नाही. टेम्पोची व्यवस्था व खर्च आपला. आम्हांला मिळालेल्या गादीचा पंप रात्री इतका घरघरत असे की खाली घडी घातलेली सतरंजी ठेवावी लागली, आणि खाटेची एक दांडी तेल घातल्याशिवाय फिरत नव्हती. पैसे मोजून भाड्याने आणणाऱ्याने हे खपवून घेतले नसते. येथेही देखभालीसाठी कोणाला तरी नेमले पाहिजे.

परत करताना साहित्य पुसून, कमोडचे भांडे जंतुनाशकाने धुऊन न्यावे लागते, आणि ते काटेकोरपणे तपासले जाते. अनामत त्याच वेळी रोख मिळते, परंतु पावती दाखवावीच लागते; ती औषधांच्या बिलांत हरवू देऊ नये.