विकिव्हॉयेज: काय पाहावं यासाठी उत्तम, कुठे जेवावं यासाठी अर्धं

नव्या शहरात दोन-तीन दिवस काढायचे असले की काय पाहायचं आणि कुठे जेवायचं, हे दोन प्रश्न येतातच. बहुतेक जण दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी शोधतात आणि तिथेच घोळ होतो. किल्ला, संग्रहालय, जुना बाजार वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. जेवणाच्या जागेचा आचारी किंवा मालक बदलला की सहा महिन्यांत ती ओळखू येत नाही. पहिल्या प्रश्नाला कुणीतरी विचार करून लिहिलेलं मार्गदर्शन लागतं, दुसऱ्याला ताजी खबर. विकिव्हॉयेज हे कुणालाही लिहिता-सुधारता येणारं प्रवासमार्गदर्शक संकेतस्थळ पहिलं काम मन लावून करतं आणि फुकट करतं. दुसऱ्या कामात ते कमी पडतं. ती कसर गुगल मॅप्सने भरून काढता येते, पण तिथले आकडे वाचता आले पाहिजेत.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाचाच हा प्रकल्प. त्याचं मूळ 2003 मध्ये सुरू झालेल्या विकिट्रॅव्हलमध्ये आहे. 2006 मध्ये ते संकेतस्थळ एका व्यापारी कंपनीने विकत घेतलं, तेव्हा जर्मन लेखकांनी वेगळं होऊन विकिव्हॉयेज काढलं. पुढे इंग्रजी लेखकही तिकडे आले आणि 15 जानेवारी 2013 पासून ते विकिमीडियाच्या कुटुंबात आहे. इतिहास सांगण्याचं कारण एवढंच, की जाहिरात आणि बुकिंगच्या कमिशनपासून लांब राहायचं हा त्याचा पाया आहे आणि त्याचा फायदा वाचणाऱ्याला पानापानावर होतो. बुकिंगच्या संकेतस्थळांचे दुवे द्यायला तिथे मनाई आहे. जी सहल आपली आपण सहज करू शकतो, तिच्यासाठी टूर कंपनीची नोंद टाकत नाहीत. मालकाला आपल्या जागेची नोंद करता येते, पण 'शहरातलं सर्वोत्तम' अशी भाषा दिसली की बाकीचे लेखक ती खोडतात. विकिपीडियाशी एक मोठा फरक आहे: इथे प्रत्येक वाक्याला संदर्भ लागत नाही, स्वतः जाऊन पाहिलेलं लिहिलेलं चालतं, किंबहुना तेच हवं असतं.

वापरताना पहिली चूक होते ती मोठ्या शहरांच्या पानावर. फार मोठं शहर असेल तर विकिव्हॉयेज त्याचे भाग पाडतं आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र पान देतं. मुख्य पानावर फक्त आढावा असतो. स्थळांच्या आणि जेवणाच्या जागांच्या नोंदी, पत्ते, वेळा हे सगळं भागांच्या पानांवर. मुख्य पानावरचा 'ईट' विभाग वाचून 'इथे तर काहीच नाही' म्हणत परत फिरणारे बरेच असतात. मुख्य पानावरच्या रंगीत नकाशासोबतच्या यादीत भागांची नावं असतात, त्यांवर टिचकी मारून आत जायचं. मुक्काम कुठे करायचा हेही याच नकाशावरून ठरवावं. पाहायच्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक ज्या एक-दोन भागांत येतात, त्यांच्या जवळ उतरलं की रोजचा प्रवास आपोआप कमी होतो.

दुसरी गोष्ट पानाच्या अगदी तळाशी असते, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक पानाला दर्जा दिलेला असतो: आउटलाइन, युजेबल, गाइड आणि स्टार. 'युजेबल' हा शब्द भरवशाचा वाटतो, पण शहराच्या पानाला हा दर्जा मिळायला तिथे पोचायचं कसं, मुख्य आकर्षण कोणतं, एक उपाहारगृह आणि एक हॉटेल एवढी माहिती पुरते. म्हणजे अशा पानावर जेवायची एकच जागा दिसली तर ती लेखकांनी निवडून काढलेली आहे असं समजू नये. कुणीतरी टाकलेली ती एकमेव नोंद असू शकते. 'गाइड' किंवा 'स्टार' दर्जाच्या पानावर स्थळांसाठी डोळे मिटून विसंबायला हरकत नाही. 'आउटलाइन' असेल तर नुसता सांगाडा समजा आणि दुसरीकडे वळा.

तिसरी खूण नोंदीच्या शेवटी असते: कंसात 'अपडेटेड' आणि पुढे महिना-वर्ष. ही तारीख सगळ्या नोंदींना नसते. स्थळांच्या बाबतीत चार वर्षांपूर्वीची तारीखही चालते, कारण वर्णन आणि जागा तीच राहते. फक्त वेळ आणि तिकीट त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यायचं, ज्याचा दुवा बहुधा नोंदीतच असतो. जेवणाच्या जागेला दीड-दोन वर्षांहून जुनी तारीख असेल, किंवा तारीखच नसेल, तर जागा चालू आहे का इथपासून तपासणी करावी.

पानाचे विभाग सगळीकडे एकाच क्रमाने असतात, त्यामुळे एका शहराचं पान वाचता आलं की सगळ्यांचं येतं. 'गेट इन' आणि 'गेट अराउंड' हे दोन विभाग या सेवेतले सर्वांत दमदार. विमानतळावरून शहरात येण्याचे पर्याय, कुठल्या पासमध्ये काय येतं आणि काय नाही, तिकीट आधी शिक्का मारून घ्यावं लागतं का, रात्री शेवटची गाडी किती वाजता, असे बारकावे इथे मिळतात आणि ते गुगलच्या अभिप्रायांत क्वचितच सापडतात. 'स्टे सेफ' विभागात त्या शहरात नेमक्या कोणत्या प्रकारे फसवतात ते लिहिलेलं असतं. हा विभाग निघण्यापूर्वी वाचावा, पोचल्यावर नव्हे, कारण बऱ्याच फसवणुकी पोचताच, स्टेशन आणि विमानतळाच्या दारात होतात.

'सी' म्हणजे पाहायच्या गोष्टींच्या विभागावरून दिवस कसा आखायचा? अक्षांश-रेखांश दिलेल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि तोच क्रमांक पानावरच्या नकाशावर उमटतो. नकाशा मोठा करून कोणते क्रमांक एकमेकांना खेटून आहेत ते पाहावं आणि एका दिवसाला एकच पुंजका घ्यावा. एक सावधगिरी: ज्या नोंदीला ते दिलेले नाहीत ती नकाशावर येतच नाही, म्हणून नकाशा पाहून झाल्यावर यादीही वरून खाली वाचावी. एका दिवसात मोठ्या गोष्टी दोनच, सकाळी एक आणि दुपारी एक. मधला वेळ चालण्यात, रांगेत, जेवणात आणि पाय मोकळे करण्यात जातो. मोठ्या संग्रहालयाला दोन ते तीन तास धरा. त्याहून जास्त वेळ उभं राहून पाहिलं तरी डोक्यात काही शिरत नाही.

आखणी फसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे साप्ताहिक सुट्टी: अनेक शहरांत संग्रहालयं सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, म्हणून तो दिवस उद्यानं, बाजार आणि पायी फिरण्यासाठी राखून ठेवावा. दुसरं म्हणजे शेवटचा प्रवेश. पाटीवर बंद होण्याची वेळ सहा असली तरी तिकीटखिडकी अर्धा ते एक तास आधी बंद होते, आणि आतली दालनंही बंद होण्याच्या वेळेआधीच रिकामी करायला घेतात. साडेपाचला दारात पोचणाऱ्याला परत जावं लागतं. उंचावरून शहर पाहायची जागा असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी वर असावं. सूर्यास्ताच्या वेळीच निघालं तर सगळा प्रकाश रांगेत संपतो.

आता जेवण. 'ईट' विभागाची मांडणी चांगली आहे: स्वस्त, मध्यम, महाग अशा तीन थरांत नोंदी. प्रत्येक थरात साधारण पाच ते नऊच नोंदी असाव्यात, असा तिथला दंडक आहे आणि तो योग्य आहे. तीनशे नावांची यादी म्हणजे शिफारस नव्हे. पण नोंदी ताज्या ठेवायला जितके हात लागतात तितके नाहीत. म्हणून या विभागाच्या सुरुवातीचे दोन-तीन परिच्छेद तेवढे मनापासून वाचावेत. त्या शहराची खासियत काय, ती दिवसाच्या कोणत्या वेळी खातात, कोणत्या गल्लीत तिची दुकानं आहेत, हे तिथे असतं आणि ते लवकर शिळं होत नाही. पदार्थ आणि गल्ली इथून घ्यायची, दुकान गुगल मॅप्सवर निवडायचं.

गुगल मॅप्सवर निवडताना नुसती सरासरी पाहिली तर हमखास फसगत होते. एखाद्या जागेला 20 अभिप्रायांत 4.9 मिळालेले असतील, तर पाच जणांनी एकेक तारा दिला की ती 4.1 वर येते. म्हणजे त्या 4.9 ला अजून बूडच नव्हतं. उलट बाजू जास्त धोक्याची. एक हजार अभिप्रायांवर 4.5 असलेली जागा बिघडली आणि पुढच्या 50 जणांनी सरासरी दोनच तारे दिले, तरी पडद्यावर 4.4 दिसतं. जुनी पुण्याई पुढे कितीतरी महिने आकडा वर धरून ठेवते. यावर उपाय सोपा आहे: अभिप्रायांचा क्रम 'न्यूएस्ट' करायचा आणि गेल्या तीन महिन्यांतले वीस-पंचवीस वाचायचे. त्यात तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी एकच तक्रार केली असेल, तर सरासरी काहीही असो, ती जागा सोडावी. एकट्यादुकट्याची तक्रार सोडून द्यावी, विशेषतः ती उशिराबद्दल आणि सुट्टीच्या दिवसाची असेल तर.

अभिप्रायातला मजकूर ताऱ्यांपेक्षा मोलाचा. पदार्थाचं नाव घेऊन लिहिलेलं, काय आवडलं आणि काय नाही हे दोन्ही सांगणारं, सोबत ताटाचा स्वतः काढलेला साधा फोटो, असा अभिप्राय खरा मानायला हरकत नाही. 'अप्रतिम जागा, नक्की भेट द्या' असं एका ओळीत लिहिणाऱ्या खात्यावर टिचकी मारून त्याने आणखी काय लिहिलंय ते पाहावं. एकाच आठवड्यात तीन दूरदूरच्या शहरांतल्या जागांना पाच-पाच तारे दिसले तर काय ते समजावं. खोट्या अभिप्रायांची ताकद किती, हे 2017 मध्ये सगळ्या जगाने पाहिलं: लंडनमध्ये 'द शेड ॲट डलिच' नावाचं मुळात अस्तित्वातच नसलेलं रेस्तराँ ट्रिपॲडव्हायझरवर शहरात पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. अमेरिकेत 2024 मध्ये विकतच्या आणि खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम लागू झाला, तरी तपासणीचं काम शेवटी वाचणाऱ्यालाच करावं लागतं.

स्थानिक भाषेतल्या अभिप्रायांचं प्रमाण हीदेखील उपयोगी खूण आहे. भाषांतर आपोआप होतं, 'मूळ पाहा' असा पर्याय दिसला की ओळखायचं. पदार्थाचं नाव स्थानिक लिपीत टाकून शोधलं तर पर्यटकांच्या यादीत न येणारी दुकानंही वर येतात. प्रसिद्ध स्थळाच्या दारासमोरची रांग टाळावी. तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पुन्हा यावं अशी गरजच नसते. दहा मिनिटं चालून आतल्या गल्लीत गेलं की चव आणि भाव दोन्ही बदलतात. वेळेचंही भान हवं: अनेक शहरांत दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या मधे स्वयंपाकघर बंद असतं, आणि रात्रीही दार बंद होण्याच्या बऱ्याच आधी ऑर्डर घेणं थांबतं. 'आत्ता उघडं आहे' असं दिसलं म्हणून ऑर्डर घेतीलच असं नाही. 'पॉप्युलर टाइम्स'चा आलेख पाहून गर्दीच्या टोकाआधी पाऊण तास पोचलं की जागा मिळते आणि पदार्थही संपलेले नसतात.

तिथल्या माणसाला विचारायचं तर प्रश्न नेमका असावा. 'इथे चांगलं कुठे मिळतं?' असं विचारलं की समोरचा पाहुण्याला शोभेल अशी महागडी जागा सुचवतो. 'तुम्ही स्वतः कामाच्या दिवशी दुपारी कुठे जेवता?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. हॉटेलच्या काउंटरवरची शिफारस दुसरीकडे पडताळून घ्यावी, कारण काही ठिकाणी त्यात कमिशन असतं. विकिव्हॉयेजवर 'टुरिस्ट ऑफिस' नावाचं प्रश्न विचारायचं पान आहे; तिथे शहर, तारखा आणि सोबत कोण आहे हे सांगून विचारलं तर जाणकार उत्तर देतात. पण निघायच्या आदल्या रात्री विचारून उपयोग नाही.

इंटरनेट नसताना काय, याची सोय आधी करावी. किविक्स या ॲपमध्ये पूर्ण विकिव्हॉयेज फोनवर उतरवता येतं. चित्रांविना असलेली फाइल बरीच लहान असते. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना असतो, तो पाहूनच घ्यावी, कारण त्या महिन्यानंतरचे बदल तिच्यात नसतात. गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा घेतला तरी त्यात फक्त गाडीचा रस्ता मिळतो. पायी आणि बस-रेल्वेचा मार्ग नेट लागल्याशिवाय दिसत नाही. पायी फिरणाऱ्याने म्हणून ऑर्गॅनिक मॅप्ससारखं, ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर चालणारं ॲपही सोबत ठेवावं. त्यात नेटशिवाय पायवाटांसकट चालायचा मार्ग मिळतो.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. इंग्रजी आवृत्ती सर्वांत भरलेली आहे, हिंदी आणि बंगालीतही विकिव्हॉयेज आहे, पण ती पानं इंग्रजीइतकी भरलेली नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी पान वाचायला द्यायचं तर ब्राउझरच्या भाषांतरावर अवलंबून राहावं लागतं, आणि त्यात गल्ल्यांची नावंसुद्धा भाषांतरित होऊन बसतात. पत्ते मूळ पानावरूनच उतरवून घ्यावेत.

एखादी जागा बंद पडलेली किंवा वेळ बदललेली आढळली तर नोंदीच्या शेवटी असलेल्या 'एडिट'वर टिचकी मारायची. नाव, पत्ता, वेळ, किंमत, वर्णन अशा सुट्या रकान्यांचा फॉर्म उघडतो. चुकीचा रकाना दुरुस्त करायचा, माहिती ताजी असल्याची चौकट टिचकवायची आणि जतन करायचं. खातं उघडायची गरज नाही, दोन मिनिटांचं काम आहे, आणि नोंदीपुढची तारीख त्याच क्षणी बदलते.